खलास

मुलांनो, तुमच्याच वयाच्या एका मुलाने मराठीत रजेचा अर्ज लिहिला : ‘माझे दादा खलास झाले. मला दोन दिवसांची रजा मिळावी.’ अर्ज वाचून मराठीच्या बाई घाबरल्या. मराठीत ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ. माणूस ‘खलास झाला’ म्हणजे कोणीतरी त्याला ठार मारले! खरे तर त्या मुलाचे आजोबा म्हातारपणाने वारले होते.

मुलाचे काय चुकले? त्याने बोलण्यातला शब्द अर्जात लिहिला. हा शब्द आपण जालन्यात रोज ऐकतो. मोसंबी विकली गेली, की व्यापारी म्हणतो, ‘माल खलास!’ नळ गेला, की शेजारीण म्हणते, ‘पाणी खलास.’ फलंदाज बाद झाला, की मुले ओरडतात, ‘खल्लास!’ जोर देण्यासाठी बोलीत ‘ल’चा असा ‘ल्ल’ होतो.

हा शब्द मूळचा अरबी आहे. अरबीत ‘खलास’ म्हणजे सुटका. उर्दूतील ‘गुलूखलासी’ हा शब्द तुम्हांला माहीत आहेच. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत फारसी चालत असे. पुढे मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभार उर्दूत चाले. अशा वाटांनी अनेक अरबी-फारसी शब्द मराठीत रुळले. ज्या कामातून आपण सुटलो, ते काम संपले. म्हणून ‘सुटका’ आणि ‘शेवट’ हे अर्थ जवळ आले. अरबी बोलीतही आज ‘खलास’ म्हणजे ‘झाले, पुरे’. आखाती देशात राहून आलेल्या नातेवाइकांना विचारून पाहा.

खे, लाम, स्वाद या अक्षरांच्या कुळातला ‘खुलासा’ही मराठीत आहे. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. परीक्षेत ‘खुलासा करा’ असे विचारले, तर सारांश लिहू नका!

मित्रांशी बोलताना ‘खलास’ जरूर म्हणा. अर्जात मात्र ‘संपले’ लिहा. माणसाविषयी ‘वारले’ किंवा ‘निधन झाले’ लिहा. मुस्लिम व्यक्तीविषयी मराठीत ‘पैगंबरवासी झाले’ असेही लिहितात.

मराठीत आपल्या घरचे कितीतरी शब्द भेटतील. त्यांना ओळखा, पण नव्या घरी त्यांचा अर्थ काय झाला, तेही विचारून घ्या.

शब्दार्थ : रजा – छुट्टी, बोली – बोलचाल की ज़बान, कुळ – खानदान, सारांश – खुलासा, स्पष्टीकरण – वज़ाहत, वारणे – इंतकाल होना.