मोटारीला झेपेल तेवढीच कॅरव्हॅन घ्या

रत्नागिरी जिल्ह्यातून ब्रिटनला जाऊन स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मागे एकदा जुनी कॅरव्हॅन विकत घेतली. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत बिछाने, शेगडी, मोरी सर्व काही असते. सहा माणसांनी हॉटेलात राहणे परवडत नाही आणि स्वतःची चूल बरोबर असली म्हणजे खाण्यापिण्याचाही प्रश्न मिटतो, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबरच होता; फसले ते वजनात.

त्यांच्या मोटारीचे वजन १,४०० किलो. विक्रेत्याने सांगितले की, कॅरव्हॅन १,१८० किलोची आहे, म्हणजे मोटारीच्या ८४ टक्के. शिवाय मोटारीच्या कंपनीने १,५०० किलोपर्यंत ओढण्यास मुभा दिली आहे, तेव्हा काळजी नसावी. दोन्ही आकडे खरे होते. मात्र १,१८० हे रिकाम्या कॅरव्हॅनचे वजन. सामानासह कमाल वजन १,३३० किलो, असे दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले होते, ते कोणी वाचलेच नाही. निघताना तीत दारापुढे उभारायचा तंबू, गॅसची सिलिंडरे, पाणी, मुलांच्या सायकली आणि आठवड्याचा शिधा गेला. मोटरवेवर उतार लागला, शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि मागची खोली सापासारखी वळवळू लागली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पुढे काट्यावर नेली तेव्हा कॅरव्हॅन भरली १,४१० किलो. मोटारीहून जड, आणि पट्टीवरील मर्यादेहून ८० किलो जास्त, म्हणजे गुन्हाच.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कंपनी देते तो आकडा ओढण्याच्या ताकदीचा असतो. १२ टक्के चढावर थांबलेली मोटार मागच्या भारासह पुन्हा सुटते की नाही, यावरून तो ठरतो. पण ओढणे वेगळे आणि आवरणे वेगळे. वाऱ्याच्या झोतात किंवा उतारावर मागचा भार डोलू लागला की, त्याला ताळ्यावर ठेवते ते मोटारीचे स्वतःचे वजन. म्हणूनच ब्रिटनमधील कॅरव्हॅन संस्था सांगत आल्या आहेत की, नवशिक्याने भरलेल्या कॅरव्हॅनचे कमाल वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, आणि मुरलेल्यानेही १०० टक्के ओलांडू नयेत. हा कायदा नव्हे, सल्ला आहे. परंतु आमच्या मते कायद्याइतकाच पाळण्याजोगा. या हिशेबाने आमच्या स्नेह्यांची मर्यादा १,१९० किलो होती.

पूर्वी १ जानेवारी १९९७ नंतर परवाना काढलेल्यांना जड कॅरव्हॅन ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये ती रद्द झाली आणि मोटारीच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. सोय झाली हे खरे, पण दोन शब्द सांगणारा परीक्षकही गेला. आता आकडे आपणच वाचायचे. मोटारीच्या नोंदणीपत्रात 'जी' रकान्यात तिचे वजन आणि 'ओ-१' रकान्यात ब्रेक असलेला ट्रेलर किती ओढता येईल ते दिलेले असते. विजेच्या मोटारी घेणाऱ्यांनी हा दुसरा रकाना आधी पाहावा. बॅटरीमुळे मोटार चांगली जड असते, पण कित्येक विजेच्या मोटारींना ओढण्याची परवानगीच नसते.

वजन बसले म्हणून काम संपत नाही. ते कोठे ठेवले यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्यास हे शिकवावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते. कॅरव्हॅन उलार झाली तर मोटारीची मागची चाके हलकी होतात आणि डोलणे सुरू होते. जोडाच्या गोळ्यावर पुढून पडणारा भार कॅरव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. १,२०० किलोला ६० ते ८४ किलो झाले. अर्थात गोळ्याची व मोटारीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच खरी. जोडाखाली लाकडाचा ठोकळा आणि घरगुती वजनकाटा ठेवूनही हा भार मोजता येतो. जड जिन्नस आसाच्या वर, तळाशी. सायकली मागच्या टोकाला टांगणे ही आमच्या स्नेह्यांची दुसरी चूक होती.

वेगमर्यादाही निराळी. मोटरवेवर एकट्या मोटारीला ताशी ७० मैल, तर कॅरव्हॅनसह ६०. साध्या दुपदरी रस्त्यावर ५०. कॅरव्हॅन डोलू लागलीच तर जोराने ब्रेक दाबू नये, वेग वाढवून ती सरळ करण्याच्याही भानगडीत पडू नये. सुकाणू सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा.

जुनी कॅरव्हॅन घेताना टायरची नक्षी पाहून भुलू नका. ती वर्षातून थोडेच दिवस चालते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून कुजते. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी शेवटचे दोन हे वर्ष असते. सात वर्षांवरचे टायर बदलावेत आणि तो खर्च किमतीतून कापून मागावा.

आमच्या स्नेह्यांनी ती कॅरव्हॅन तोट्यात विकली. सध्या ते कमाल १,१५० किलोची शोधत आहेत आणि विक्रेत्याशी बोलण्याआधी दाराजवळची पट्टी वाचतात.