हुकूम उघडायचा कधी?

होस्टेलवर पत्त्यांचा कॅट निघाला की पहिलं भांडण नियमांवरून. कुणी उमरग्याचा, कुणी कळंबचा, कुणी परंड्याचा. प्रत्येकाचा मेंढीकोट जरा वेगळा. ‘कट हुकूम की बंद हुकूम?’ एवढं ठरलं की पानं वाटायची.

खेळ सोपा. चार भिडू, दोन जोड्या, प्रत्येकी 13 पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन आल्या की डाव तुमचा, चारही आल्या की समोरच्यांवर कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात, ते जिंकले.

खरी गंमत बंद हुकमात. एक भिडू आपलं एक पान पालथं ठेवतो, त्याचा रंग हुकूम. तो फक्त त्यालाच माहीत. चालू रंग ज्याच्याकडे नाही, तो हुकूम उघडायला सांगू शकतो. पण सांगायलाच पाहिजे असं नाही!

मग कधी सांगायचं?

मेंढी समोरच्यांकडे चाललीय? उघडा. हात आपल्याच भिडूचा होतोय? गप बसा, नको ते पान टाका. हातात नुसत्या दुर्र्या-तिर्र्या पडल्यात? सोडून द्या. आणि पान झाकलंय कुणी, तेही बघा. झाकणारा बहुतेक वेळा आपल्याकडं जास्त असलेला रंगच निवडतो. समोरच्यानं झाकलं असेल, तर उघडून फायदा त्याचाच व्हायचा.

पण लई ताणूही नका. समोरच्याचा रंग आधी संपला, तर उघडायची वेळ तो ठरवणार.

पोकरमध्येही हेच. बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर जिंकणाऱ्याला आपली दाखवावी लागत नाहीत. तरी काहीजण ‘बघ, कसं फसवलं’ म्हणून दाखवतातच. क्षणभर भाव मिळतो, पण तुम्ही थाप कधी मारता हे सगळ्यांना फुकटात कळतं.

तीन पत्तीत तर ‘शो’ मागायलाही पैसे मोजावे लागतात. ‘बघूच, त्याच्याकडं काय आहे’ या एका उत्सुकतेपायी महिन्याच्या मेसचे पैसे जाऊ शकतात. मोबाइलवर तर समोर कोण बसलंय तेही दिसत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात पोकर आणि रमीही आले.

मेंढीकोटात चुकीच्या वेळी हुकूम उघडला, तर भिडूच्या शिव्या खायच्या आणि पुन्हा पानं पिसायची. शिकायला एवढी स्वस्त फी दुसरीकडं कुठं मिळणार?