स्वस्तातली स्पोर्ट्‌स कार? आधी गंज बघा!

मैत्रिणींनो, इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाचीचा परवा फोन आला. "मावशी, ह्यांना जुनी माझदा एमएक्स-५ घ्यायचीय. दुरुस्त करून विकू म्हणतात. पैसे मात्र घरासाठी साठवलेले!"

तुमच्याही घरी असा हौशी गडी असेल, तर डाफरू नका. गाडी बघायला सोबत जा. १९८९ साली निघालेली ही दोन आसनी, उघडणाऱ्या टपाची गाडी दणकट खरी; पण गंज तिचा वैरी. टपावरचं पाणी वाहून जायची भोकं सीटांमागे असतात. ती पाचोळ्याने तुंबली, की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून सडतो. म्हणून मागच्या चाकांपुढचा भाग वाकून बघा. तिथे ताजा रंग दिसला, तर मऊ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक लावा. चिकटला नाही, तर आत पुट्टी समजा! इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तिकडे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते. तिचे जुने निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

मग किंमत, पत्र्याचं काम, टायर, विमा सगळं वहीत मांडा. भाचीने मांडलं. बेरीज विक्रीच्या किमतीपुढे गेली! घराचे पैसे वाचले; जावईबापू आठवडाभर रुसले, एवढंच.