दहा खुर्च्या कमी, सव्वा हजार तास जास्त

२६ मार्च २०१८ रोजी ग्रेट लेक्स एअरलाइन्सने आपली नियमित उड्डाणं थांबवली. मुख्यालय अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या राजधानीत, शायेनला; जन्म १९७७ साली आयोवातल्या स्पेन्सर या लहानशा गावी. डेन्व्हरहून नेब्रास्कातलं अलायन्स, चॅड्रन, कोलोरॅडोतलं अलामोसा अशा आडगावांना माणसं पोचवायची आणि भाड्यात भागत नसेल तिथे केंद्र सरकारचं अनुदान घ्यायचं, हा तिचा धंदा. विमान बहुतेक बीचक्राफ्ट १९०० डी, पंख्याच्या दोन इंजिनांचं, १९ खुर्च्यांचं. एकोणीसच का, तर विसावी खुर्ची आली की केबिन कर्मचारी ठेवावा लागतो. हे विमान वापरणाऱ्या कित्येक कंपन्यांनी त्यात ऑटोपायलट बसवलाच नव्हता. रॉकी पर्वताच्या वाऱ्यात आणि बर्फात दिवसातून अनेकदा चढायचं-उतरायचं, तेही हाताने. म्हणून अशा कंपन्या तरुण वैमानिकांची तालीम होत्या. पगार जेमतेम, पण दोन-तीन वर्षं काढली की मोठ्या कंपनीचं दार उघडायचं. ही साखळी तुटली ती वैमानिक मिळेनासे झाल्यामुळे, असं ग्रेट लेक्सचं म्हणणं होतं, आणि त्याचा दोष तिने एका नियमाला दिला. प्रवासी विमानातल्या सहवैमानिकाला पूर्वी २५० तासांच्या उड्डाणावर घेता येई. २०१३ पासून साधारण १,५०० तास लागू लागले. सैन्यातून आलेल्यांना ७५० आणि विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना १,००० तासांची सवलत आहे, पण बाकी बहुतेकांना सुटका नाही.

नियम आला तो एका अपघातातून. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं क्यू-४०० विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला. आता गंमत पाहा (गंमत हा शब्द इथे कडवट आहे): कॅप्टनच्या खात्यावर तीन हजारांहून अधिक तास होते, सहवैमानिकेच्या खात्यावर दोन हजारांहून अधिक. दीड हजारांची अट त्या रात्री लागू असती तरी दोघंही तिथेच बसलेली असती.

मग चुकलं काय? त्यासाठी कॉकपिटातल्या एका यंत्रणेकडे पाहावं लागतं. पंख समोरून येणाऱ्या हवेशी फार मोठा कोन करू लागला की त्याची उचल ढासळते. त्याला स्टॉल म्हणतात. तो येण्याआधीच स्टिक शेकर नावाचं यंत्र वैमानिकाच्या हातातला दांडा गदागदा हलवतं, म्हणजे ऐकू आलं नाही तरी हाताला कळावं. तरीही कुणी ऐकलं नाही तर स्टिक पुशर दांडा स्वतः पुढे ढकलतो, नाक खाली करतो, वेग मिळवून देतो. त्या रात्री बर्फाच्या हवामानासाठीचा खटका चालू होता, त्यामुळे शेकर नेहमीपेक्षा जास्त वेगालाच हलू लागला. खरा स्टॉल अजून दूर होता. दांडा पुढे करून इंजिनाला पूर्ण जोर दिला असता तर प्रसंग टळला असता. कॅप्टनने दांडा मागे ओढला, पुशरने ढकलल्यावरही ओढतच राहिला. चौकशीत दिसलं की पुशरचा अनुभव सिम्युलेटरवर देणं कंपनीच्या प्रशिक्षणात सक्तीचं नव्हतं, आणि स्टॉलच्या सरावात उंची गमावू नका यावर भर होता. जमिनीजवळ घाबरलेला हात उंची राखायला जाणार, म्हणजे नाक वर धरणार, यात नवल ते काय? शिवाय कॅप्टन पूर्वी परवान्याच्या काही चाचण्यांत नापास झाला होता आणि त्या सगळ्यांची खबर कंपनीला नव्हती. सहवैमानिकेचं घर सिएटलकडे, नोकरी नेवार्कला. रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून ती कामावर आली होती. तिचा वार्षिक पगार १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचं सुनावणीत पुढे आलं.

म्हणजे दुखणी तीन होती: शिकवण्यातलं, निवडीतलं आणि पगार-विश्रांतीचं. २०१० च्या कायद्याने पगार सोडून सगळ्यांनाच हात घातला होता, पण जे मोजायला सोपं ते आधी अमलात आलं. तासांची अट २०१३ मध्ये लागली, विश्रांतीचे नवे नियम २०१४ च्या सुरुवातीला. सिम्युलेटरवर पूर्ण स्टॉलमधून विमान सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं व्हायला २०१९ उजाडलं. वैमानिकांच्या जुन्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या व्यवस्थेचा अंतिम नियम २०२१ चा.

नियमाच्या बाजूचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. २००९ नंतर अमेरिकी प्रवासी कंपन्यांची सुरक्षितता विलक्षण सुधारली, हे खरं. पण त्याच काळात विश्रांती, प्रशिक्षण, देखरेख हे सगळंच बदललं; श्रेय एकट्या तासांना कसं द्यायचं? आपल्याकडे २०० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर (सीपीएल) टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, करून मुलं-मुली थेट एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसतात. ती पद्धत निर्दोष आहे असं नाही, पण तिच्यात भार सिम्युलेटरवर आणि शेजारच्या कॅप्टनवर असतो. अमेरिकेत नवखा वैमानिक तास भरायला लहान विमानावर विद्यार्थ्यांना शिकवतो किंवा जाहिरातीचे फलक ओढतो. निरभ्र आकाशातल्या त्या हजारभर तासांत त्याला बर्फ दिसत नाही, दोघांनी मिळून कॉकपिट सांभाळणं दिसत नाही, शेकर तर नाहीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तुटवडा वैमानिकांचा नव्हता, पगाराचा होता. हे बऱ्याच अंशी मान्य करावं लागतं. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले, तेव्हा पैसा होता हे उघडच झालं. तासांच्या अटीनेच ही पगारवाढ घडवली, असंही कुणी म्हणेल, आणि ते बहुधा खरं आहे. पण तो पैसा मोठ्या कंपनीच्या खिशातून आला. १९ खुर्च्या आणि सरकारी अनुदान यांवर जगणाऱ्या ग्रेट लेक्सला असा पाठीराखा नव्हता.

तिने जो तोडगा काढला तो मात्र नियमाची खरी परीक्षा घेणारा ठरला. विमानातल्या दहा खुर्च्या उपटून नऊच ठेवल्या, की ते लहान विमानांच्या वेगळ्या, सैल नियमावलीत बसतं आणि कमी तासांचा सहवैमानिक चालतो. तेच विमान, तेच इंजिन, तोच शायेनचा वारा. फक्त प्रवासी निम्म्याहून कमी, उत्पन्नही घटलेलं. सुरक्षिततेसाठी दीड हजार तास अपरिहार्य असतील तर नवव्या प्रवाशापर्यंत ते नकोत आणि दहाव्याला हवेत, याला कोणतं तर्कशास्त्र म्हणायचं? नऊ खुर्च्यांवर कंपनी आणखी काही वर्षं तगली, पुढे नाही. कोल्गन एअरही तोवर बंद पडली होती. खुर्च्या काढण्याची युक्ती मात्र उरली: २०२२ मध्ये स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने ५० खुर्च्यांच्या जेटमध्ये ३० खुर्च्या ठेवून सैल नियमांखाली उडायची परवानगी मागितली, तेव्हा वैमानिक संघटनेने कडाडून विरोध केला. २०२४ च्या कायद्यानेही दीड हजारांचा आकडा तसाच ठेवला. अनुदानाच्या मार्गांवर आज कितीतरी गावांना नऊ खुर्च्यांचं सेस्ना येतं, काही ठिकाणी एकाच इंजिनाचं.