सी ड्राइव्ह केवढा ठेवायचा? डिस्क इमेजच्या साइजचा हिशोब

मागच्या महिन्यात पीएचडीला नुकतीच नोंदणी झालेली एक मुलगी विचारत होती, "ताई, लॅपटॉपची पूर्ण इमेज घ्यायला बसले तर ती चारशे जीबीची होतेय. हार्ड डिस्क मोठी घेऊ का?" मी म्हटलं, थांब, आधी सी ड्राइव्ह उघडून दाखव. उघडला, तर त्यात विंडोज, सॉफ्टवेअर, उपग्रहाची चित्रं, मुलाखती, थिसिसचं पहिलं प्रकरण आणि बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ, सगळं एकाच गाठोड्यात. अडीच वर्षांपूर्वी माझाही लॅपटॉप हुबेहूब असाच होता. त्यामुळे आजची पोस्ट हार्ड डिस्कचे भाग कसे पाडायचे आणि इमेज लहान कशी ठेवायची यावर. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात हा धडा नसतो, पण तो असायला हवा होता असं माझं मत आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. बॅकअप म्हणजे फाइल्सची दुसरी प्रत. डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या पार्टिशनचा, त्या क्षणी तो जसा होता तसाच, घेतलेला ठसा: विंडोज, सेटिंग्ज, सॉफ्टवेअरची नेमकी व्हर्जन्स, फाइल्स, सगळं. फाइल बॅकअप परत आणताना हवी ती एक फाइल उचलता येते. इमेज पूर्ण परत टाकली, म्हणजे रिस्टोअर केली, की त्या पार्टिशनवर आज जे असेल ते जातं आणि त्या दिवशीचं येतं. शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी ते वाचलं नव्हतं.

माझं काम पारनेर तालुक्यातल्या विहिरी, पाझर तलाव आणि शेततळ्यांवर आहे. त्यासाठी दोन प्रकारचा डेटा लागतो. एक सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं. दुसरा, गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती. बहात्तरच्या दुष्काळात कुठली विहीर आटली, कुठली टिकली, रोजगाराच्या कामावर कुठला तलाव खोदला, हे कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. ते सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेल्या माणसांनाच विचारावं लागतं. मुलाखती मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, लॅपटॉपवर घ्यायचे आणि मोबाइल भरला की तिथून पुसायचे.

लॅपटॉपला 1 टीबीचा एसएसडी. विंडोजमध्ये तो 931 जीबी दिसतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या पटीत, एवढाच फरक. हे सगळे 931 एकट्या सी ड्राइव्हमध्ये होते. त्यातले 412 भरलेले: विंडोज आणि सॉफ्टवेअर 72, उपग्रहाची चित्रं 290, माझं स्वतःचं काम 50. त्याची इमेज झाली 360 जीबीची. एक्स्टर्नल डिस्क जुन्या यूएसबी-2 च्या पोर्टला लावली होती. तिथे सेकंदाला तीसेक एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे तीन तास. मधेच लाइट गेली आणि लॅपटॉपच्या बॅटरीने मान टाकली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय 1 टीबीच्या एक्स्टर्नलवर अशा दोनच इमेज बसतात. परिणाम उघड आहे: जूनमध्ये एकदा घेतली आणि मग नको ती कटकट म्हणून ऑक्टोबरपर्यंत घेतलीच नाही.

ऑक्टोबरमध्ये एका अपडेटनंतर विंडोज सुरूच होईना. आठवड्यावर प्रेझेंटेशन. माझ्याकडे इमेज होती, म्हणून मी निर्धास्त. रात्री रिस्टोअर लावली आणि झोपले. सकाळी लॅपटॉप छान सुरू झाला. जून महिन्यातला लॅपटॉप. मधल्या चार महिन्यांतल्या सात मुलाखती गायब. एसएसडीवर मोकळ्या झालेल्या जागा आतल्या आत पुसल्या जातात आणि माझ्या बाबतीत तर त्यावर जूनचा ठसाही उमटलेला होता. रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही सापडलं नाही. पाच जणांकडे मी पुन्हा गेले, त्यांनी पुन्हा सांगितलं, थोडं वेगळं सांगितलं. सहावे मुलाकडे राहायला गेले होते, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. सातव्या आजोबांच्या घरी गेले तेव्हा त्यांचा दहावा होऊन गेला होता. गावातल्या तीन विहिरींचा क्रम फक्त त्यांना माहीत होता. माझ्या वहीत त्यातली दीड ओळ आहे.

चूक माझी होती आणि ती ऑक्टोबरमध्ये नव्हे, लॅपटॉप घेतला त्याच दिवशी झाली होती. परत मिळवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टी मी एकाच पार्टिशनमध्ये ठेवल्या. पार्टिशन पाडणं म्हणजे जागा वाटणं असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण ठरवत असतो की कुठली गोष्ट हरवली तर ती कुठून परत येणार. इमेजची साइज त्या उत्तरातूनच ठरते.

विंडोज आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं, पण दोन-तीन दिवस जातात. क्यूजीआयएसचं एक प्लगइन जुन्याच व्हर्जनवर चालतं, पायथनच्या लायब्ररी एकमेकींशी कशाबशा जुळवलेल्या असतात. थिसिसमधले आकडे ज्या मांडणीतून आले ती मांडणी जशीच्या तशी हवी, तर इथे इमेज लागते. इमेज घ्यावी ती या भागाचीच. उपग्रहाची चित्रं पुन्हा डाउनलोड होतात. त्यांची इमेज घेणं म्हणजे नदीचं पाणी हंड्यात भरून माळ्यावर ठेवणं. आणि मुलाखती, विहिरींची मोजमापं, नकाशावर हाताने आखलेल्या सीमा, थिसिसचा मजकूर हे कुठूनच परत येत नाही. त्याची इमेज नको, साधी फाइल बॅकअप हवी. तीही रोज आणि दोन वेगळ्या ठिकाणी.

त्यानंतर मी केलेली मांडणी अशी: सी 150 जीबी, कामाचा डी 150 जीबी, उरलेले साधारण 630 जीबी डाउनलोडसाठी ई. आता इमेज फक्त सीची (आणि सोबत सुरुवातीच्या त्या छोट्या बूट पार्टिशनची, ते विसरलात तर रिस्टोअर करूनही विंडोज उठणार नाही). ती होते 38 जीबी. त्याच जुन्या पोर्टवर वीस मिनिटं. चहा होईपर्यंत काम झालेलं असतं, म्हणून आता ती महिन्याला खरोखर घेतली जाते.

72 जीबीचे 38 कसे झाले? इमेज घेणारी चांगली सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ क्लोनझिला, पार्टिशनमधली फक्त वापरलेली जागा वाचतात. रिकामे ब्लॉक सोडून देतात. म्हणून सी ड्राइव्ह 150 चा असो की 900 चा, इमेजच्या साइजवर थेट फरक पडत नाही. फरक पडतो आत किती भरलंय त्यावर. लिनक्समधली जुनी डीडी कमांड मात्र सगळंच कॉपी करते, रिकामी जागासुद्धा. आणि "रिकामी" जागा खरोखर रिकामी नसते, त्यात पुसलेल्या फाइल्सचे अवशेष असतात, त्यामुळे ती नीट कॉम्प्रेसही होत नाही.

दुसरं म्हणजे कॉम्प्रेशन. प्रोग्रामच्या फाइल्स चांगल्या दाबल्या जातात. फोटो, व्हिडिओ, एमपी-3, झिप आणि सेंटिनेलची जेपीईजी-2000 मधली चित्रं आधीच दाबलेली असतात, त्यांना आणखी दाबून हाती काही लागत नाही. माझ्या पहिल्या इमेजमध्ये 290 जीबी चित्रांतून जेमतेम 15 जीबी वाचले होते.

तिसरं, विंडोजच्या दोन गलेलठ्ठ फाइल्स. हायबरनेशनची फाइल साधारणपणे रॅमच्या 40 टक्के असते, म्हणजे 16 जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. दुसरी पेजफाइल. दोन्ही इमेजमध्ये घेण्याची गरज नसते, विंडोज त्या पुन्हा तयार करतं. क्लोनझिलामध्ये त्या वगळायचा पर्याय आहे, तो वापरा. फक्त त्याआधी लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, हायबरनेट नव्हे.

मग रिकामी जागा मोजलीच जात नाही तर सी लहान का ठेवायचा? दोन कारणं. मोठा ठेवला की तो भरतो. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर सीमध्येच असतात आणि आपला हात तिकडेच जातो. (हे दोन्ही फोल्डर प्रॉपर्टीजमधून डीवर हलवता येतात. आजच हलवा.) दुसरं कारण रिस्टोअरच्या वेळी कळतं. इमेज 38 जीबीची असली तरी क्लोनझिलाला ती उतरवायला मूळ पार्टिशनएवढी जागा लागते. 900 चा सी असेल आणि ऐनवेळी मित्राकडून 256 ची डिस्क मिळाली, तर ती इमेज त्यावर सहजासहजी उतरत नाही. 150 चा असेल तर उतरते. उलट फार कंजूषपणाही नको. 80 जीबीचा सी केलात तर विंडोजच्या मोठ्या अपडेटला जागा पुरणार नाही. आज जेवढं भरलंय त्याच्या दुप्पट हा माझा अंदाजपंचे नियम.

आता प्रत्यक्ष भाग पाडताना. पहिली पायरी म्हणजे सगळा महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर. यात सूट नाही. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी लहान करायचा. बऱ्याचदा पाचशे जीबी मोकळे दिसत असूनही ते "दीडशेच कमी करता येतील" म्हणतं, कारण मधेच कुठेतरी एखादी न हलणारी फाइल बसलेली असते. हायबरनेशन, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट तात्पुरते बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा वाट मोकळी होते. काम झालं की ते पुन्हा चालू करा.

विंडोज 11 असलेल्यांसाठी एक खड्डा. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. बाहेरून पेनड्राइव्हवरून बूट करून इमेज घेतली तर सॉफ्टवेअरला आतलं काही वाचता येत नाही, मग ते रिकाम्यासकट सगळे ब्लॉक जसेच्या तसे उचलतं. 150 जीबीच्या सीची इमेज 150 जीबीच येते. असं झालं तर घाबरू नका, कारण हेच आहे. आणि काही करण्याआधी 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा.

"पुन्हा डाउनलोड होतं" या माझ्या वाक्यालाही एक पुरवणी जोडते. 2023 मध्ये कोपर्निकसची जुनी साइट बंद होऊन नवी आली आणि माझी डाउनलोडची स्क्रिप्ट एका दिवसात निकामी झाली. त्याहून गंभीर म्हणजे 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या प्रक्रियेत बदल होऊन पिक्सेलच्या आकड्यांत 1000 ची भर पडते, आणि जुनी चित्रंही नव्या पद्धतीने पुन्हा तयार केली गेली आहेत. म्हणजे 2019 चं तेच चित्र आज उतरवलं तर आकडे वेगळे येऊ शकतात. म्हणून ई ड्राइव्हवरच्या चित्रांची पूर्ण नावांची यादी, प्रोसेसिंग बेसलाइनच्या नंबरासह, एका टेक्स्ट फाइलमध्ये डीवर ठेवते. 290 जीबीचा बॅकअप काही केबीत.

अजून दोन गोष्टी, थोडक्यात. एकाच डिस्कवरचे सी आणि डी म्हणजे एका घरातल्या दोन खोल्या. घर जळलं की दोन्ही जळतात. त्यामुळे सीची इमेज डीवर ठेवून बॅकअप झाला असं समजू नका. आणि विंडोज उठत नसेल तेव्हा सरळ रिस्टोअर लावू नका. आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, आतल्या नव्या फाइल्स बाहेर काढा, मगच. ऑक्टोबरच्या त्या रात्री मला यासाठी फार तर अर्धा तास लागला असता.

पार्टिशन बदलताना ड्राइव्हची अक्षरं आणि फोल्डरची नावं एकदाच ठरवा, कारण क्यूजीआयएसची प्रोजेक्ट्स त्या पत्त्यांवर चालतात. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा मी उत्साहाने मुख्य फोल्डरचं नावही बदललं, आणि दुसऱ्या दिवशी चाळीसेक लेयर्स लाल उद्गारचिन्हं दाखवत बसले होते. थिसिसमध्ये नवं नाव आहे, फोल्डर अजून "नगर"च आहे.

इमेज घेतली म्हणजे ती चालते असंही नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली 256 जीबीची एक डिस्क मी त्यासाठीच ठेवली आहे. सहा महिन्यांतून एकदा तिच्यावर इमेज उतरवते, ती डिस्क लॅपटॉपला लावून विंडोज सुरू करते, क्यूजीआयएस उघडते आणि पारनेरचा नकाशा येतो का ते बघते. पहिल्या वेळी आला नव्हता. बूट पार्टिशन घ्यायला विसरले होते.