उणे चिन्हाची किंमत

आठवीत घातांकाच्या चाचणीत मी उणे चिन्ह खाल्लं. अर्धा मार्क गेला. एवढ्यासाठी? असं वाटलं.

मग विज्ञान दिनाला शाळेची सहल खोडदला गेली. 45 मीटर व्यासाच्या डिश, एकूण तीस, पण लांब लांब पसरलेल्या. आकाशातून त्यांच्यावर पडणाऱ्या रेडिओलहरी मोजायचं एकक जान्स्की: दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला 10⁻²⁶ वॅट. दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्यं, मग एक!

एक जान्स्कीचा स्रोत घेऊ. तीस डिशचं क्षेत्रफळ अंदाजे 4.8 × 10⁴ चौ. मी., लहरींचा पट्टा 32 मेगाहर्ट्झ, म्हणजे 3.2 × 10⁷ हर्ट्झ. आकड्यांचा गुणाकार 15.36; घातांची बेरीज 4 + 7 − 26 = −15. पण दशांशचिन्हाआधी एकच अंक हवा. चिन्ह एक घर डावीकडे, घात एकने वाढला. इथे निम्मा वर्ग −16 लिहितो (मीही लिहिलं होतं). −15 वाढून −14 होतो, राजे! उत्तर: साधारण 1.5 × 10⁻¹⁴ वॅट, तेही सगळ्या डिश मिळून.

आता उणे खाऊन बघा. 1.5 × 10¹⁴ वॅट. कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट, म्हणजे 1.96 × 10⁹ वॅट. पंच्याहत्तर हजारांहून जास्त कोयना झाल्या की! सरांनी अर्धाच मार्क कापला होता.