संगणक मुका का होतो?

संगणकातून ध्वनी निघेनासा झाला की पुष्कळ पालक नवे स्पीकर आणतात, किंवा यंत्र उचलून लांज्याहून रत्नागिरीस नेतात. आमच्या मते हा खर्च बहुधा अनाठायी होय. एकाच संगणकास दोन-तीन साउंड कार्डे असू शकतात: एक मदरबोर्डवर, एक पडद्याच्या एचडीएमआय तारेसाठी, एक यूएसबी हेडफोनात. ध्वनी सामान्यतः त्यांपैकी एकाकडेच जातो. आणि पडद्यास स्पीकर नसले, तर तेथेच गडप होतो! विंडोजमध्ये कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून, ध्वनीसाठी कोणते साधन निवडले आहे ते विद्यार्थ्यांनी प्रथम पाहावे. लिनक्समध्ये कार्डांस ०, १ हे क्रमांक ती सापडतील तसे मिळतात व यंत्र पुन्हा सुरू करताच कधी उलटतात. म्हणून कार्डाचे नावच निवडावे. एवढ्यानेही यंत्र मुकेच राहिले, तर मग तार तपासावी.